मला ऐकू येत होतं

बान नोंगखा
१२ ऑगस्ट १९८२

विरात,

अक्षर बघून घाबरू नकोस. कागदावरून कोंबडी चालून गेलेली नाही, तुझ्या ताईनेच लिहिलं आहे. बोटं पेन्सिल धरतात आणि मधेच सोडून देतात. चार ओळी झाल्या की हात मांडीवर ठेवून बसते. डावी पापणी अजून अर्धीच उघडते. खामतान म्हणतो, अशी बायको बरी, नवऱ्याच्या अर्ध्याच चुका दिसतील.

घरी येऊन अकरा दिवस झाले. भात लावायचा राहिला होता तो शेजाऱ्यांनी लावून दिला. मी ओसरीवर बसते, चिकट भाताचे बारीक गोळे करून गिळते. मोठा गोळा घशात अडकतो.

मण्यार चावली ते शेतातल्या खोपटात, चटईवर झोपले असताना, हे तुला खामतानने सांगितलं असेल. दुखलं नाही, सुजलं नाही. सकाळी तोंड धुवायला गेले तर पाण्याचे एकाचे दोन रांजण दिसायला लागले, आणि त्याला हाक मारायला गेले तर जीभ वळेना. इथवर सगळ्यांना माहीत आहे. पुढचं फक्त मला माहीत आहे.

तुम्हाला वाटलं मी आत नाही. मी होते, रे. पापण्या मिटल्या, मग मान गेली, हात गेले, शेवटी छाती. घशात नळी घातली ते कळलं. सुई टोचली ती दुखली. एक माशी ओठावरून चालत नाकापर्यंत गेली, तीही कळली. मनात मी हात उचलायची, हात जागचा हलायचा नाही. ओरडायची, ते डोक्याच्या बाहेर पडायचं नाही.

नंतर मी अंफाई नर्सला विचारलं, हे असं कसं? ती म्हणाली, बुआलाई, मेंदूचा निरोप नसेतून धावत येतो, पण नस स्नायूला चिकटलेली नसते. मधे एक अगदी बारीक फट असते. नसेच्या टोकाला औषधाच्या थेंबासारखं काहीतरी साठवलेलं असतं, ते त्या फटीत सांडतं, मग स्नायू आवळतो. मण्यारीचं विष ती टोकंच जाळून टाकतं. निरोप येतो आणि दारात उभा राहतो. पण ऐकण्याच्या, दुखण्याच्या नसा वेगळ्या, त्या आत येणाऱ्या. त्यांना विष शिवत नाही. आणि हृदय मेंदूची वाट बघत नाही, त्याचं ते चालतं. जळालेल्या टोकांना काही दिवसांनी नवे कोंब फुटतात. मला आता तेच फुटतायत.

मला एकच विचारायचं आहे. माझ्या पायाचा अंगठा हलला आणि तू त्याच दिवशी बँकॉकला निघून गेलास. माझे डोळे उघडले तेव्हा सगळे होते, तू नव्हतास. बर्फाच्या कारखान्यात बर्फ वितळत होता का?

ताई


बँकॉक
२१ ऑगस्ट १९८२

ताई,

तुझं पत्र मिळालं. तू बरी आहेस हे वाचून आनंद झाला. मालकाने तीनच दिवसांची सुट्टी दिली होती, म्हणून निघावं लागलं. रागावू नकोस.

तू लिहितेस की तुला सगळं कळत होतं. इथे कारखान्यात एक जण आहे, त्याची बहीण मोठ्या हॉस्पिटलात काम करते. त्याला विचारलं. तो म्हणतो, इतक्या आजारपणात माणसाला भास होतात, स्वप्नं पडतात, ती खरी वाटतात. डॉक्टरही तेव्हा म्हणाले होते की तुला काही कळत नाही. त्यामुळे जे ऐकलंस असं वाटतं त्यावर फार विचार करू नकोस.

तरी, काय ऐकलंस ते लिही. सहज विचारतोय.

खामतान दाजींना नमस्कार. तुझ्या सासूच्या, मेयाच्या पाठीचं दुखणं कसं आहे?

विरात


बान नोंगखा
१ सप्टेंबर १९८२

विरात,

भास म्हणतोस? मग ऐक.

पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटत होतं हॉस्पिटलात न्यावं. माझी सासू म्हणाली, आधी मंतरणाऱ्याकडे. आपल्याकडे लग्न झालं की जावई घरी राहायला येतो. माझ्याकडे जावयाबरोबर त्याची आईही आली, आणि आली ती घरातला शेवटचा शब्द घेऊनच. त्या म्हाताऱ्याने घोट्यावर काळा दगड लावला, तोंडातलं पानाचं पाणी थुंकलं. पाच तास तिथे गेले. माझा श्वास त्याच्या अंगणात थांबायला आला तेव्हा कुठे खामतानने मला उचललं.

हॉस्पिटलात श्वासाचं यंत्र नव्हतं. मोठ्या शहराचा रस्ता पाण्याखाली होता. म्हणून ती रबरी पिशवी नळीला जोडली आणि नातेवाइकांच्या हातात दिली. अंफाई शिकवत होती, दाबा, एक, दोन, सोडा. मी आतून तिच्याबरोबर मोजायला शिकले. तेवढंच माझं काम होतं.

त्याच दिवशी मेया माझ्या उशाशी बसून म्हणाली, "रेशमी फानुंग काढून आणा. अंग ताठलं की नेसवता येत नाही." मी जिवंत होते, विरात. मी ऐकत होते. घरी आल्यावर, बोलता यायला लागलं त्या दिवशी, मी तिला तेच शब्द परत ऐकवले. तिने चटई गुंडाळली आणि मुलीकडे गेली, बान डोनला. पाठीचं दुखणं तिकडेच विचार.

आता तुझं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या तरुण डॉक्टरने माझ्या पापण्या उघडून बॅटरी मारली. मला उजेड दिसला, पांढरा. तो तुम्हाला म्हणाला, बाहुल्या लहान होत नाहीत, मेंदू गेला आहे. घरी न्या, शेवटचा श्वास घरच्या छपराखाली जाऊ दे. खामतान रडायला लागला. मग गाडी बघायला गेला. तू पिशवी दाबत होतास. मला तुझे हात कळतात. तू घाईने दाबतोस.

मग तू म्हणालास, "ताई, जा आता. माफ कर." पिशवी फुगल्याचा आवाज आला, आणि हवा थांबली.

मी मोजत होते. तीसपर्यंत ठीक होतं. साठाच्या पुढे छाती जळायला लागली, आकडे पुढेमागे व्हायला लागले. मग काही नाही. आणि नंतर, किती वेळाने ते माहीत नाही, हवा होती, आणि तुझा आवाज होता, "एक, दोन." तुझेच हात, घाईघाईचे.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. खामतानलाही नाही. आणि तुझ्यावर रागावून लिहीत नाही. डॉक्टरच म्हणाला मी गेले, तिथे तू काय करणार? संध्याकाळी अंफाई पाळीवर आली आणि तिने सगळ्यांना झापलं, मण्यारीच्या विषात बाहुल्यांचा भरवसा धरतात का, बाहुली आवळणाराही स्नायूच असतो. पण ती येईपर्यंत मी तुझ्यामुळे टिकले. तू थांबलास आणि पुन्हा सुरू केलंस. मला तेवढं पुरतं. म्हणूनच पळालास ना, लाजून?

वेड्या.

ताई


बँकॉक
९ सप्टेंबर १९८२

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं.

मी सकाळपासून पिशवी दाबत होतो. सात-आठ तास झाले असतील. माझे हात आखडले. बोटं सरळ होईनात. तू ऐकलंस ते शब्द मी बोललो असेन, आता आठवत नाही. माणूस दमल्यावर काहीही बोलतो. हात आखडले म्हणून हवा थांबली, एवढंच. मुद्दाम कोणी काही केलं नाही.

तू मेयाला परत बोलावून घे. म्हातारं माणूस आहे, मुलीच्या घरात जागा नाही, पावसाचे दिवस आहेत. तिच्या बोलण्याचं काय मनावर घेतेस? रेशमी नेसवायचं ती तुला चांगलं दिसावं म्हणून म्हणाली असेल.

इथे काम फार आहे. कारखान्यातला एक जण गावी गेला, त्याची पाळीही मलाच करावी लागते. त्यामुळे उत्तराला उशीर झाला तर काळजी करू नकोस.

विरात


बान नोंगखा
१६ सप्टेंबर १९८२

विरात,

मेयाचं नाव काढू नकोस. तुला काय माहीत, तू वर्षातून दोनदा येतोस.

काल तपासायला गेले होते. अंफाईने माझे हात ओढून बघितले, म्हणाली, तांदळाची पाटी उचलू शकतेस, पण हातमागावर अजून महिनाभर बसू नकोस. मी तिला तुझ्या हातांचं विचारलं. तुझं नाव नाही घेतलं, म्हटलं एखाद्या माणसाचे हात काम करून करून आखडले तर काय होतं? तिने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालून दाखवली. स्नायूच्या आत असे बारीक धागे असतात म्हणे, ते एकमेकांत सरकतात, म्हणून स्नायू आखूड होतो. आवळायला ताकद लागते तशी सोडायलाही लागते. ताकद संपली की धागे तसेच अडकून बसतात, मूठ उघडत नाही. मेल्यावर अंग ताठतं तेही त्यामुळेच.

मी म्हटलं, म्हणजे हात आखडला की हातातली वस्तू पडत नाही?

ती म्हणाली, उलट, सोडवून घ्यावी लागते.

घरी येताना मी विचार करत होते, मग माझ्या भावाची मूठ पिशवीवर आवळलेलीच राहिली असणार, आणि मला पिशवी फुगल्याचा आवाज आला तो मीच मनाने ऐकला असणार. तुझं खरं, थोडे भास झाले असतील. तू दमला होतास, पोरा. आठ तास कोण दाबतं? खामतानने दोन तासांत हात टेकले होते.

आता महत्त्वाचं. भिक्खूंचा वर्षावास संपल्यावरच्या पहिल्या रविवारी घरी बाईसी करायची ठरली आहे. माझे जे काही प्राण इकडेतिकडे पळाले असतील ते बोलावून आणायचे आणि मनगटाला दोरा बांधून पक्के करायचे. सगळं गाव येणार. पहिला दोरा माझ्या मनगटाला तू बांधायचास. मी गावच्या म्हाताऱ्यांना सांगून ठेवलं आहे, जाहीर सांगणार आहे, की मला श्वास ज्याने दिला तो हा, माझा भाऊ. भाषण करायला लावणार नाही, घाबरू नकोस. नवा सदरा घालून ये म्हणजे झालं. अंफाईपण येते म्हणाली आहे.

मालकाने नाही म्हटलं तर मला कळव, मी खामतानला त्याच्या दारात आणून बसवीन.

ताई


बँकॉक
२४ सप्टेंबर १९८२

ताई,

मी येणार नाही. सुट्टी मिळते आहे, तरी येणार नाही. तू लोकांसमोर ते बोलायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून आजच टाकतोय.

माझे हात आखडले नव्हते. मी रोज बर्फाच्या लाद्या उचलतो. आठ तास दाबून हात दुखतात, आखडत नाहीत. मी पिशवी सोडली, ती फुगली, मी ती तुझ्या खांद्याशी ठेवली. तू ऐकलंस ते सगळं बरोबर ऐकलंस.

डॉक्टरने खामतान दाजींना विचारलं होतं, ते बोलूच शकत नव्हते. मग तो माझ्याकडे वळला, तुम्ही शिकलेले दिसता, तुम्ही ठरवा. मी विचार केला, गाडीत घालून खड्ड्यांतून घरी न्यायचं, त्या नळीसकट, कशासाठी? दाजी येण्याआधी संपू दे, त्यांच्या वाटेला नको. हे मला तेव्हा दयेचं वाटलं. आता काय म्हणावं ते माहीत नाही.

पुढचं लिहितो. पिशवी ठेवून मी बाहेर गेलो. मला बघवेना. जिन्याच्या पायरीवर बसलो. सिगारेट पेटवली, ती पूर्ण ओढली, ताई. मग दुसरी काढली, ती पेटवली नाही. दाजींना काय सांगायचं ते मनात जुळवलं आणि आत आलो.

खाटेच्या पलीकडे, भिंतीकडच्या बाजूला जमिनीवर मेया झोपली होती, चटईवर. मला ती दिसलीच नव्हती. मी आत आलो तेव्हा ती तुझ्या उशाशी उभी होती. तिची बोटं धड वळत नाहीत हे तुला माहीत आहे. तिने पिशवी छातीशी धरली होती आणि दोन्ही कोपरांनी दाबत होती. दाबायची आणि अंफाईसारखं पुटपुटायची, एक, दोन. तुझे ओठ निळे होते.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी दारातच उभा राहिलो. तासभर तरी ती दाबत होती. मी जवळ गेलो नाही, माझी हिंमत झाली नाही. मग तिची कोपरं थरथरायला लागली, तेव्हा म्हणाली, "आता घे. थांबू नकोस."

तेवढंच. तेव्हाही आणि त्यानंतरही. दाजी गाडी घेऊन आले तोवर अंफाई पाळीवर आली होती, आणि पुढचं तुला माहीत आहे. तुला शुद्ध आली तेव्हा मी दाबत होतो. मेया खाली चटईवर बसली होती, कोपरं चोळत.

मी तेव्हाच पळालो नाही. रात्रभर दाबत बसलो. दुसऱ्या दिवशी तुझा अंगठा हलला, सगळे रडायला लागले, दाजींनी मला मिठी मारली, म्हणाले तू वाचवलंस. मेया तिथेच होती. मी तिच्याकडे बघितलं. ती तुझ्या पायावरची चादर सारखी करत होती. मग मी निघालो.

तू तिला घराबाहेर काढलंस हे वाचलं तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.

विरात


बान नोंगखा
३० ऑक्टोबर १९८२

विरात,

तुझं पत्र बाईसीच्या आदल्या दिवशी आलं. बाईसी झाली. मोडता कशी येणार, गावाचा भात शिजला होता. मी सांगितलं, भावाला सुट्टी मिळाली नाही. पहिला दोरा अंफाईने बांधला. खामतान म्हणाला, काय गं, प्राण परत आले की गेले, चेहरा असा का? मी म्हटलं, थकले.

त्याला अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो तुझा मेहुणा राहणार नाही, आणि आईला बाहेर काढताना तो गप्प बसला होता, तेही त्याला उमगेल. मग आमच्या घरात कोण राहील?

गेल्या आठवड्यात बान डोनला गेले. मेया जिन्याखाली चिंचा सोलत बसली होती. मी आल्याचं बघून तिने चटईवरून थोडं सरकून जागा केली. बराच वेळ दोघी चिंचा सोलत होतो. मग मी म्हटलं, "विरातने लिहिलं आहे. त्या दुपारचं."

"कुठल्या?"

"पिशवीचं. तुम्ही दाबलीत."

"मी झोपले होते," ती म्हणाली. "दाबली ती विरातनेच."

"मेया, त्याने स्वतः लिहिलं आहे."

"पोराला ताप आला असेल. तिकडे शहरात जेवतो तरी का धड?"

मी तिचा हात धरायला गेले तर तिने तो चिंचेत घातला. कोपरांवर अजून तेल लावते, वास येत होता. मी म्हटलं, घरी चला. ती म्हणाली, इथे बरं आहे, नातवंडं आहेत. मी म्हटलं, मी जे बोलले ते… ती म्हणाली, बस चुकेल तुझी.

चुकली. दुसऱ्या बसपर्यंत तिथेच बसले. तेवढ्या वेळात दोनदा बोलायला तोंड उघडलं, दोनदा चिंचेचंच काहीतरी बोलले. आता जीभ वळते, हात चालतात, अंफाई म्हणते सगळ्या नसा बऱ्या झाल्या. तरी जमलं नाही. तिने निघताना मला चिंचेचा पुडा बांधून दिला आणि म्हणाली, विरातला पाठव थोड्या.

पाठवल्या आहेत.

तुला काय लिहू? तुझ्यावर चिडायला बसते तर तो डॉक्टर आठवतो, तुझे आठ तास आठवतात. चिडत नाही म्हणावं तर साठाच्या पुढचे आकडे आठवतात, तेव्हा तू पायरीवर सिगारेट ओढत होतास. दोन्हींपैकी एकही धरून ठेवता येत नाही. रोज उठून बघते, आज कोणतं आहे.

मी पत्राचं उत्तर द्यायला महिना लावला. तू त्या महिन्यात काय काय मनात आणलं असशील ते मला कळतं. मुद्दाम नाही लावला. लिहायला बसायची, हात चालायचा, तुझ्या नावापुढे काही यायचं नाही.

पुढच्या महिन्यात कापणी आहे. मेया येणार नाही. तूही इतक्यात येऊ नकोस. खामतान तुला मिठी मारेल आणि मला ते बघावं लागेल.

पत्र मात्र लिही. काहीही लिही, बर्फाचं लिही. मी वाचीन.

ताई